पट्टी सुटल्यावर

सिनेमातला प्रसंग ठरलेला असतो. डॉक्टर पट्टीचे वेढे सावकाश सोडतात, पापण्या थरथरतात, क्षणभर सगळं धूसर दिसतं आणि मग समोरचा चेहरा स्पष्ट होतो. "आई!" जन्मापासून जिला फक्त आवाजाने आणि हाताच्या खरखरीत स्पर्शाने ओळखलं, तिला मुलगी पहिल्याच नजरेत ओळखते. थिएटरात रुमाल निघतात. तिने ओळखलं कसं, हे मात्र कोणी विचारत नाही.

प्रत्यक्षात जन्मांध मुलाची पट्टी सुटते तेव्हा असं काही घडत नाही. मोतीबिंदू निघालेला असतो, कृत्रिम भिंग बसलेलं असतं, प्रकाश दृष्टिपटलापर्यंत पोचू लागलेला असतो. पण मुलाला दिसतात ते रंगांचे आणि उजेडाचे तुकडे. त्यातला कुठला आईचा, कुठला तिच्या साडीचा आणि कुठला मागच्या भिंतीचा, हे डोळा सांगत नाही. ते शिकावं लागतं. या शिकण्याला दवाखान्यात दृष्टी-पुनर्वसन म्हणतात. त्याच्याच जवळची शाखा म्हणजे व्हिजन थेरपी. आणि याच शिकण्याभोवती तत्त्वज्ञानातला एक जुना वाद घुटमळतो आहे. पाहणारा कोण, डोळा की डोळ्यामागचं आणखी काही?

डब्लिनच्या विल्यम मॉलिन्यूला हा प्रश्न निव्वळ पुस्तकी नव्हता. तो प्रकाशशास्त्राचा अभ्यासक होता आणि त्याच्या बायकोची दृष्टी लग्नानंतर लवकरच गेली होती. १६८८ च्या जुलैमध्ये त्याने तत्त्वज्ञ जॉन लॉकसाठी एक कोडं लिहून पाठवलं. जन्मांध माणूस हाताने चाचपून गोल आणि घन ओळखायला शिकलेला आहे. दोन्ही वस्तू एकाच धातूच्या, साधारण सारख्याच आकाराच्या. त्याला एकाएकी दृष्टी आली आणि दोन्ही वस्तू टेबलावर ठेवल्या, तर हात न लावता गोल कुठला आणि घन कुठला, हे तो सांगू शकेल का? मॉलिन्यूचं स्वतःचं उत्तर होतं: नाही. लॉकलाही ते पटलं आणि १६९४ साली आपल्या ग्रंथाच्या दुसऱ्या आवृत्तीत त्याने हे कोडं घातलं. पुढे तत्त्वज्ञ बर्कलीनेही नाहीच म्हटलं. जर्मन तत्त्वज्ञ लायब्निझ मात्र म्हणाला, सांगू शकेल. गोलाला कोपरे नसतात आणि घनाला असतात, एवढं त्याला आधीपासून ठाऊक आहे, आणि समोर त्याच दोन वस्तू आहेत हे सांगितलं तर बाकीचं तो बुद्धीने ताडेल.

युरोपात हा वाद रंगला त्याच्या कितीतरी शतकं आधी भारतात न्यायदर्शनाने हीच सामग्री हातात घेतली होती, पण वेगळ्या कामासाठी. न्यायसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायात आत्मा सिद्ध करायचा आहे, आणि पहिलीच युक्ती आहे ती पाहण्या-स्पर्शण्याची. एकच वस्तू डोळ्याने पाहिली जाते आणि हाताने चाचपलीही जाते. आणि जे मी पाहिलं तेच आता चाचपतो आहे, अशी जाणीव आपल्याला होते. डोळ्याला स्पर्श कळत नाही, त्वचेला रंग कळत नाही. मग या दोघांच्या साक्षी जुळवतो कोण? दोन्ही इंद्रियांहून वेगळा असा एक जाणता हवा, असं नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचा अनुयायी, म्हणतो. पुढे तो आणखी एक साधं उदाहरण देतो: आंबट फळ नुसतं दिसलं तरी तोंडाला पाणी सुटतं. फळ पाहिलं डोळ्याने, चळली जीभ. मधला दुवा कोणाचा?

बौद्ध तर्कज्ञांना हा निष्कर्ष मान्य नव्हता. दिङ्नागाच्या मते खरं प्रत्यक्ष म्हणजे कल्पनेचा हात न लागलेलं निव्वळ दिसणं. हे लिंबू आहे, हे मघाचंच आहे, ही सगळी जुळवाजुळव नंतरची, मनाने रचलेली. त्यासाठी आत कोणी कायमचा मालक बसवायची गरज नाही. एका क्षणाचा संस्कार पुढच्या क्षणावर उमटतो, तेवढं पुरे.

या वादात कोणा जन्मांधाला साक्षीला बोलावलेलं नव्हतं. युरोपातही बराच काळ नव्हतं. मग १७२८ साली लंडनचा शल्यवैद्य विल्यम चेसेल्डनने तेरा-चौदा वर्षांच्या एका मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. त्याचा मोतीबिंदू सुईने बाजूला सारल्यावर मुलाला वाटलं, दिसणारी प्रत्येक वस्तू डोळ्याला टेकलेलीच आहे. कुत्रा कुठला आणि मांजर कुठलं, हे तो सारखं विसरायचा. विचारायचीही लाज वाटू लागली. शेवटी त्याने मांजराला उचललं, हाताने नीट चाचपलं, टक लावून पाहिलं आणि खाली सोडलं; आता पुढच्या वेळी ओळखेन, असं त्यालाच बजावून. भिंतीवरची चित्रं ही माणसांची चित्रं आहेत, हे समजायला दोन महिने गेले. आणि समजल्यावर तो चकित झाला, कारण चित्राला हात लावला तर ते सपाट लागत होतं. यातलं खोटं कोण बोलतंय, डोळा की हात, असा त्याचा सवाल होता. इंद्रियांच्या साक्षी जुळवण्याची नैयायिकाची अडचण त्या मुलाने सूत्र न वाचता मांडली होती.

गुणदोषांसह ही एकाच मुलाची हकीकत. नीट प्रयोग व्हायला एकविसावं शतक उजाडावं लागलं, आणि तो झाला दिल्लीत. अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये मेंदूचा अभ्यास करणारे पवन सिन्हा यांनी 'प्रोजेक्ट प्रकाश' सुरू केला. उपचार होऊ शकत असूनही जी मुलं वर्षानुवर्षं तशीच राहिली, त्यांच्यावर दर्यागंजच्या श्रॉफ चॅरिटी नेत्र रुग्णालयात शस्त्रक्रिया करायच्या आणि त्यांचा मेंदू पाहायला कसा शिकतो, हेही अभ्यासायचं, अशी दुहेरी योजना. २०११ साली या गटाने मॉलिन्यूच्या प्रश्नाचं उत्तर छापलं.

मुलं पाच, वयं आठ ते सतरा. धातूचा गोल आणि घन यांच्याऐवजी लहान मुलांच्या खेळातल्यासारखे ठोकळे, वेगवेगळ्या आकारांच्या जोड्यांचे. शस्त्रक्रियेनंतर दोन दिवसांच्या आत चाचणी. एक ठोकळा हातात देऊन मग दोघांतला तोच हाताने ओळखायला सांगितला, तर मुलं जवळजवळ अचूक, ९८ टक्के. एक ठोकळा दाखवून मग दोघांतला तोच नजरेने निवडायला सांगितला, तर ९२ टक्के. म्हणजे हात तरबेज होता आणि डोळाही कामापुरतं पाहत होता. पण हाताने चाचपलेला ठोकळा डोळ्याने ओळखायचा म्हटल्यावर आकडा ५८ वर घसरला. नाणं उडवून निवडलं असतं तरी पन्नास टक्के आलंच असतं.

मॉलिन्यू जिंकला, म्हणायला हरकत नाही. पण गोष्ट तिथे थांबली नाही. त्यातल्या काही मुलांची पुन्हा चाचणी झाली, तेव्हा हीच कामगिरी ८० टक्क्यांच्या पलीकडे गेली होती. एकाच्या बाबतीत तर अवघ्या पाच दिवसांत. मधल्या काळात कोणी ठोकळ्यांची शिकवणी घेतलेली नव्हती. मुलं फक्त जगत होती. पेला उचलत होती, दार ढकलत होती, दिसेल त्याला हात लावत होती.

याच प्रकल्पातून दिसलेली दुसरी बाब आणखी रोचक आहे. नव्याने दृष्टी आलेल्यांना एक चौकोन आणि त्यावर आलेलं वर्तुळ दाखवलं, की दोन आकृत्यांऐवजी तीन तुकडे दिसतात. जिथे रेषा एकमेकींना छेदतात तिथे वस्तूच संपते. चेंडूचा फोटो दाखवला तर चेंडू, त्याच्यावरची चकाकी आणि त्याची सावली या तीन निरनिराळ्या वस्तू ठरतात. पण तीच आकृती हलू लागली, की कोडं सुटतं. जे तुकडे एकत्र सरकतात ते एका वस्तूचे, हे त्यांना चटकन कळतं. ओळखू आलेल्या वस्तूंत प्राणी आणि वाहनं आधी यावीत, यात नवल नाही. जग त्यांच्यासाठी हालचालीतून आकार घेत जातं.

या निष्कर्षांवर आक्षेपही आले. काही तत्त्वज्ञ म्हणाले की इतक्या कच्च्या नजरेला ठोकळ्याचा घनाकार मुळात कळला होता का, याची खात्री नाही. मुलांना ठोकळ्याभोवती फिरू दिलं असतं तर? आणि २०२४ साली कोंबडीच्या पिलांवर झालेल्या एका प्रयोगाने लायब्निझच्या बाजूलाही बळ दिलं. अंधारात उबवलेल्या पिलांना पहिला दिवस अंधारातच गुळगुळीत किंवा खडबडीत वस्तूंसोबत ठेवलं, आणि मग पहिल्यांदा उजेडात आणलं. स्पर्शाने ओळखीचं झालेलं त्यांनी नजरेने ओळखल्याची चिन्हं दिसली. अनुभवाशिवाय हा दुवा आला कुठून? जीवशास्त्रज्ञ उत्क्रांतीकडे बोट दाखवेल. नैयायिकाकडे याचंही उत्तर तयार आहे: नवजात बाळ न शिकवता आईच्या दुधाकडे वळतं, ते पूर्वजन्मीच्या सवयीमुळे, असं न्यायसूत्रं सांगतात. त्यावर प्रतिपक्षाचं उत्तरही तिथेच नोंदलेलं आहे: लोखंड चुंबकाकडे वळतं, त्यालाही पूर्वजन्म होता का?

पूर्वजन्माची गोष्ट निघाली, की ती ग्रंथांतून उठून थेट घरात येते. बाळाच्या बाहुलीत पांढरा डाग दिसला, की नातेवाइकांत कोणीतरी 'गेल्या जन्मीचं असेल' म्हणतंच. बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानात शिष्य येशूला हाच प्रश्न विचारतात: हा माणूस आंधळा जन्मला ते कोणाच्या पापामुळे, याच्या की याच्या आईबापांच्या? दोघांच्याही नाही, असं उत्तर मिळतं. वैद्यकाला ठाऊक असलेली कारणं वेगळी आहेत. जन्मतःच्या मोतीबिंदूमागे आनुवंशिकता असते, चयापचयाचे दोष असतात, आणि गरोदरपणात आईला झालेला रुबेला असतो. रुबेलावर लस आहे. भारतात गोवर-रुबेला लसीची देशव्यापी मोहीम २०१७ पासून राबवली गेली. कर्मसिद्धांताच्या चौकटीतही हात बांधून बसा, असं कोणी सांगितलेलं नाही. योगवासिष्ठ तर दैवापेक्षा पौरुषाचीच बाजू घेतं. नुकसान होतं ते वाट पाहण्यात. बाळाचा दाट मोतीबिंदू पहिल्या काही आठवड्यांतच काढावा, असं डॉक्टर म्हणतात, कारण मेंदूतली पाहण्याची यंत्रणा वापरातूनच घडते. मेंदूशास्त्रज्ञ डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझेल यांनी मांजराच्या पिलांचा एक डोळा सुरुवातीचे काही आठवडे बंद ठेवून हे दाखवलं. पुढे तो डोळा उघडला, तरी मेंदूने त्याची जागा दुसऱ्या डोळ्याला देऊन टाकलेली होती. १९८१ च्या नोबेल पारितोषिकात या कामाचा वाटा होता.

'आळशी डोळा' हा याचाच घरगुती अवतार. डोळा निरोगी असतो, पण तिरळेपणामुळे किंवा दोन डोळ्यांच्या नंबरात मोठा फरक असल्यामुळे मेंदू त्याच्याकडून आलेलं चित्र बाजूला टाकतो. उपाय जुनाच आहे, चांगला डोळा झाकायचा. फ्रेंच निसर्गअभ्यासक ब्यूफाँने १७४३ साली तो लिहून ठेवला होता. घरात मात्र हा उपाय म्हणजे रोजची लढाई असते. पाच वर्षांच्या मुलाचा दिसणारा डोळा बंद करून न दिसणाऱ्या डोळ्याने चित्र रंगवायला बसवायचं, आणि त्याने पट्टी ओढून काढली की पुन्हा लावायची. २००३ साली अमेरिकेतल्या एका अभ्यासाने आईबापांना थोडा दिलासा दिला: मध्यम स्वरूपाच्या दोषात रोज दोन तास पट्टी लावणं आणि सहा तास लावणं, यांचा चार महिन्यांनंतरचा परिणाम सारखाच होता.

व्हिजन थेरपीचं सर्वांत ओळखीचं साधन दिसायला अगदीच फुटकळ आहे: एक दोरी आणि त्यात ओवलेले तीन रंगीत मणी. ब्रॉक नावाच्या अमेरिकन तज्ज्ञाच्या नावाने ती ओळखली जाते. दोरीचं एक टोक दाराच्या कडीला बांधायचं, दुसरं नाकाच्या शेंड्याला धरायचं आणि मधल्या मण्याकडे पाहायचं. दोन्ही डोळे एकजुटीने काम करत असतील तर एकाच दोरीच्या दोन दोऱ्या दिसतात आणि त्या बरोबर त्या मण्यापाशी एकमेकींना छेदतात. एकच दोरी दिसली, तर मेंदूने एक डोळा बंद केलेला आहे. दोऱ्या मण्याच्या अलीकडे किंवा पलीकडे छेदल्या, तर नजर चुकीच्या ठिकाणी रोखली आहे. स्वतःचा मेंदू काय करतो आहे, हे रुग्णाला स्वतःलाच दिसतं. सूझन बॅरी या अमेरिकन मेंदूशास्त्रज्ञ बाईंना तान्हेपणापासून तिरळेपणा होता. लहानपणीच्या शस्त्रक्रियांनी डोळे सरळ दिसू लागले, पण जग सपाटच राहिलं. वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी त्यांनी हे व्यायाम सुरू केले आणि एके दिवशी गाडीत बसल्या तर स्टिअरिंग व्हील डॅशबोर्डपासून सुटून पुढे आलेलं दिसलं. खोली म्हणजे काय, यावर त्या वर्गात शिकवत आल्या होत्या; अनुभवली मात्र तेव्हा पहिल्यांदा. मेंदूविकारतज्ज्ञ आणि लेखक ऑलिव्हर सॅक्स यांनी २००६ साली त्यांच्यावर लेख लिहिला आणि खोली पाहण्याची ही क्षमता ठरावीक वयानंतर येतच नाही, या समजुतीला तडा गेला.

या यशाच्या आडोशाने भलतंसलतंही विकलं जातं. जवळ पाहताना डोळे नीट आत न वळण्याच्या दोषावर व्यायामांचा उपयोग होतो, हे पुराव्याने सिद्ध आहे. २००८ च्या चाचणीत २२१ मुलांपैकी ज्यांनी १२ आठवडे तज्ज्ञाच्या देखरेखीखाली उपचार घेतले, त्यांच्यातल्या ७३ टक्क्यांना गुण आला. लुटुपुटूचे उपचार मिळालेल्यांमध्ये हे प्रमाण ३५ टक्के होतं. पण त्याच परंपरेतल्या २०१९ च्या चाचणीत वाचलेलं समजण्यात लुटुपुटूच्या गटापेक्षा काहीही जास्त फरक पडला नाही. डिस्लेक्सिया हा डोळ्यांचा आजार नाही, तेव्हा डोळ्यांच्या व्यायामाने तो जाईल असं सांगणाऱ्याला पैसे देऊ नयेत. चष्मा कायमचा घालवण्याची हमी देणाऱ्यालाही नाहीत. नंबर बहुधा नेत्रगोलाच्या लांबीमुळे असतो आणि ती व्यायामाने बदलत नाही.

मोठ्या माणसांचं पुनर्वसन आणखी विनम्र असतं. पक्षाघातानंतर काहींच्या दोन्ही डोळ्यांच्या नजरेची एक बाजू जाते. ताटातली डावीकडची भाजी तशीच राहते, डावीकडून येणारी रिक्षा दिसत नाही. गेलेली बाजू परत आणण्याचं वचन कोणी देत नाही. मान आणि नजर मुद्दाम त्या बाजूला फिरवण्याची सवय लावली जाते. दृष्टिपटलाचा मध्य झिजलेल्या म्हाताऱ्यांना कडेच्या भागाने वाचायला शिकवलं जातं. सोबतीला भिंग, मोठी अक्षरं, पायरीच्या कडेला पिवळी पट्टी आणि गरज पडली तर पांढरी काठी. प्रशिक्षकाचा पहिला प्रश्न किती दिसतं हा नसतो, तर काय करता यायला हवं हा असतो. कोणाला पोथी वाचायची असते, कोणाला गॅसची ज्योत मोठी आहे की बारीक ते कळायला हवं असतं.

हा प्रश्न विचारायचा राहून गेला, की काय होतं, हे इंग्लंडच्या सिडनी ब्रॅडफर्डच्या नोंदींत वाचायला मिळतं. दहा महिन्यांचा असताना दृष्टी गेली आणि बावन्नाव्या वर्षी, १९५८-५९ च्या हिवाळ्यात, पारपटल (कॉर्निया) बदलून ती परत आली. मानसशास्त्रज्ञ रिचर्ड ग्रेगरी आणि त्यांच्या सहकारी जीन वॉलेस यांनी त्याचा बारकाईने अभ्यास केला. भिंतीवरचं घड्याळ त्याला लगेच वाचता आलं, कारण काटे चाचपून वेळ पाहण्याची सवय होती. मोठी इंग्रजी अक्षरंही वाचता आली, कारण अंधशाळेत ती उठावाची शिकवली होती. लंडनच्या विज्ञान संग्रहालयात त्याच्या आवडीचं लेथ यंत्र काचेआड होतं तेव्हा त्याला त्यातलं काही उमगेना. काच उघडून दिल्यावर त्याने डोळे मिटून ते मनसोक्त चाचपलं, मग मागे सरकून डोळे उघडले आणि आता दिसतंय म्हणाला. पण आंधळा असताना बिनधास्त रस्ता ओलांडणारा हा माणूस आता वाहनं पाहून गारठू लागला. भिंतींचे पोपडे, डागाळलेले रंग पाहून त्याचा विरस होई. संध्याकाळी तो अनेकदा दिवा न लावताच बसून राही. १९६० साली तो वारला.

महाभारताच्या श्रोत्यांना हे फारसं अनोळखी वाटू नये. व्यास धृतराष्ट्राला युद्ध पाहण्यासाठी दृष्टी देऊ करतात, आणि तो नको म्हणतो. ऐकायला संजय पुरे. दिव्यदृष्टी मिळालेला अर्जुनही विश्वरूप पाहून थोड्याच वेळात कृष्णाला पूर्वीच्या रूपात यायची विनवणी करतो. फ्रेंच लेखक दिदरोने आपल्या १७४९ च्या पत्रनिबंधात ज्या आंधळ्या गृहस्थाशी झालेलं बोलणं लिहिलं आहे, त्याला डोळे हवेत का, असं विचारलं तेव्हा त्याने त्यांपेक्षा लांब हात मागितले होते. आणि विदर्भात, अमरावती जिल्ह्यातल्या माधानचे गुलाबराव महाराज (१८८१–१९१५) नवव्या महिन्यात अंध झाले. इतरांकडून ग्रंथ वाचून घेत, ऐकून लक्षात ठेवत आणि सांगून लिहवून घेत त्यांनी चौतीस वर्षांच्या आयुष्यात शेकडो वर्षांच्या दर्शनपरंपरेचाच नव्हे, तर डार्विन आणि स्पेन्सरच्या मतांचाही परामर्श घेतला. त्यांच्यापुढे अंधार म्हणजे अज्ञान हे समीकरण टिकत नाही.

आता दिल्लीतल्या त्या ५८ टक्क्यांपुढे नैयायिकाला आणि बौद्धाला बसवलं तर? बौद्ध खूश होईल. स्पर्श आणि दृश्य यांचा सांधा जन्मजात नव्हता, पाच दिवसांत तो तयार होताना दिसला, म्हणजे तो रचलेलाच आहे. नैयायिक एवढ्याने हटणार नाही. सांधा अनुभवाने येतो, हे त्यालाही मान्यच आहे. चंदनाचं खोड लांबून पाहताच सुगंधी वाटतं ते आधी हुंगलेलं असतं म्हणून, हे त्याच्याच परंपरेने पुढे सविस्तर मांडलं. त्याचा मुद्दा वेगळ्या ठिकाणी आहे. मुलाचं उत्तर चुकलं तेव्हाही हातातल्या ठोकळ्याची आठवण आणि समोर दिसणारे दोन ठोकळे एकाच मुलापाशी होते. तसं नसतं तर त्याला तुलना करायला सांगताच आलं नसतं. बौद्ध म्हणेल, आठवण आणि दिसणं एकाच प्रवाहात होती, एवढं पुरेसं आहे. नैयायिक विचारेल, मग हा प्रवाह शेजारच्या खाटेवरच्या मुलाच्या प्रवाहात का मिसळत नाही? इथून पुढचा वाद ठोकळे हातात देऊन मिटण्यातला नाही, आणि सिन्हांच्या गटानेही तसा दावा केलेला नाही.